हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद

पावसाळ्यात इमारतीच्या भिंतींवर आणि गच्चीच्या कठड्यांवर काळपट-हिरवा थर चढतो आणि त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवर्षी वॉटरप्रूफिंगचा विषय निघतो. त्या थरात एक फार जुनी जमात राहते. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव ‘नीलहरित शेवाळ’ असं होतं. भातखाचरात खत म्हणून सोडतात तेही हेच. प्रत्यक्षात हे शेवाळ नाही, जीवाणू आहेत: सायनोबॅक्टेरिया. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या रॉजर स्टॅनियर यांनी १९७०च्या दशकात हे ठासून मांडलं. त्याआधी वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना आपलं समजत होते आणि जीवाणूशास्त्रज्ञ त्यांच्याकडे फारसे फिरकत नव्हते. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साचायला लागला तो यांच्या पूर्वजांमुळे. एवढी मोठी कामगिरी नावावर असूनही आपण त्यांना वायर ब्रशने खरवडून काढतो, तो भाग वेगळा.

या लेखाचा विषय मात्र प्राणवायू नाही. या जीवाणूंना प्रकाशाचा रंग कळतो, आणि तो ओळखून ते आपली काही जनुकं चालू करतात, काही बंद करतात. हे माणसाच्या लक्षात आलं कसं, आणि पुढे माणसाने ती बटणं स्वतः दाबायला कशी सुरुवात केली, त्याची ही गोष्ट आहे. ती सरळ रेषेत जात नाही. मध्ये लेट्यूसच्या बिया येतात, एक फसलेला आनुवंशिकतेचा दावा येतो आणि माणसाच्या पोटातला ई. कोलाय नावाचा जीवाणूही येतो.

सुरुवात थिओडोर विल्हेल्म एंगेलमान यांच्यापासून. अकरावीला विज्ञान घेतलेल्यांना हे नाव अंधुक आठवत असेल. एनसीईआरटीच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात ते एका परिच्छेदापुरते येऊन जातात. १८८०च्या दशकात नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका तंतूवर लोलकातून निघालेला छोटासा वर्णपट पाडला आणि आजूबाजूला प्राणवायूच्या मागे धावणारे जीवाणू सोडले. जीवाणूंनी लाल आणि निळ्या पट्ट्यात गर्दी केली. म्हणजे तिथे प्राणवायू जास्त तयार होत होता. मोजमापाचं यंत्र म्हणून जिवंत जीवाणू वापरण्याची ही कल्पना मला आजही थक्क करते. त्यांच्याकडे सेन्सर नव्हता, म्हणून त्यांनी पोहणारा सेन्सर वापरला. १८८३ मध्ये त्यांनी जांभळ्या रंगाच्या एका प्रकाशसंश्लेषी जीवाणूचं वर्णन केलं. प्रकाश अचानक कमी झाला की तो दचकल्यासारखा मागे फिरे. एंगेलमान यांनी त्याला प्रकाश मोजणारा जीवाणू या अर्थाचं नाव दिलं. हे गृहस्थ चांगले सेलोवादकही होते. संगीतकार ब्राम्सने आपली तिसरी स्ट्रिंग क्वार्टेट ज्या एंगेलमानना अर्पण केली, ते हेच.

एंगेलमान यांच्या डोक्यात एक मोठा विचार घोळत होता. पाण्यात जसजसं खोल जावं तसतसा लाल प्रकाश आधी नाहीसा होतो. हिरवा आणि निळा जास्त खोल पोचतात. मग खोल पाण्यातल्या शेवाळांचा रंग लालसर असण्यामागे हेच कारण असेल का? लाल दिसणारी वस्तू हिरवा प्रकाश शोषून घेते. म्हणजे उपलब्ध प्रकाशाच्या बरोबर विरुद्ध रंग अंगावर ल्यायचा, की जास्तीत जास्त प्रकाश पदरात पडेल. समुद्री शेवाळांच्या बाबतीत हे गणित इतकं सोपं नाही, असं पुढच्या शतकातल्या अभ्यासांनी दाखवून दिलं. पण या विचारातून एक प्रयोग सुचला आणि तो टिकला.

१८९७ मध्ये एंगेलमान बर्लिनला गेले होते. तिथे निकोलाय गायदुकोव्ह नावाचा रशियन संशोधक त्यांच्याबरोबर काम करत होता. त्याने ऑसिलारिया या तंतुमय सायनोबॅक्टेरियाचे नमुने रंगीत प्रकाशात वाढवले आणि वाट पाहिली. हिरव्या प्रकाशातले तंतू लालसर झाले आणि लाल प्रकाशातले निळसर-हिरवे. १९०२ मध्ये हा शोध प्रशियन अकादमीच्या ग्रंथमालेत छापला गेला. या प्रकाराला ‘पूरक वर्णानुकूलन’ म्हणता येईल: समोर जो रंग आहे त्याला पूरक रंग आपण धारण करायचा. जात तीच, नमुना तोच, फक्त दिवा बदलला.

(पाण्याचा रंग बदलतो म्हटलं की आपल्याला लोणार आठवतं. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॅपवर शेवाळापासून शापापर्यंत सगळी कारणं फिरली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचा संबंध खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांशी निघाला. ते प्रकरण वेगळं. तिथे एक मंडळी वाढली म्हणून पाण्याचा रंग बदलला. गायदुकोव्हच्या भांड्यात मंडळी तीच होती, त्यांनी कपडे बदलले होते.)

गायदुकोव्ह आणि एंगेलमान यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. रंग बदललेले तंतू पुन्हा साध्या प्रकाशात आणले, तरी नवा रंग लगेच जात नव्हता. नव्या वाढलेल्या पेशींतही तो दिसत होता. त्यावरून कमावलेला गुण पुढच्या पिढीत उतरतो असा अर्थ एंगेलमान यांनी लावला आणि त्यावर निबंधही लिहिला. त्या काळात हा प्रश्न चांगलाच तापलेला होता, हे लक्षात घ्यायला हवं. मेंडेलचे नियम नुकतेच, १९०० मध्ये, पुन्हा उजेडात आले होते. आज उत्तर सरळ वाटतं. या पेशी आपली रंगीत प्रथिनं दिवा बदलला म्हणून लगेच मोडून टाकत नाहीत. नवीन बनवणं थांबतं, आणि आधीचा साठा पेशीविभाजनात वाटला जाऊन पिढी दर पिढी पातळ होत जातो. आजोबांनी भरून ठेवलेल्या धान्याच्या कणगीवर नातू जगले, तर त्यांना ते धान्य मिळालं एवढंच खरं. पिकवण्याची कला रक्तात उतरली असं होत नाही.

हा साठा नेमका कसला? सायनोबॅक्टेरियाच्या पेशीत प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनांचे जुडगे असतात, पंख्यासारखे रचलेले. त्यांना फायकोबिलिसोम म्हणतात. एलिझाबेथ गँट आणि सॅम्युएल काँटी यांनी १९६६ मध्ये एका लाल शेवाळात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांचं वर्णन केलं. त्यातली मुख्य प्रथिनं दोन: निळं दिसणारं आणि नारिंगी-लाल प्रकाश शोषणारं फायकोसायनिन, आणि लाल दिसणारं व हिरवा प्रकाश शोषणारं फायकोएरिथ्रिन. काही पेशींत विरघळणाऱ्या एकूण प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास वाटा या रंगीत प्रथिनांचा असतो. घरातलं अर्धं उत्पन्न अँटेनावर खर्च होत असेल, तर चुकीच्या दिशेचा अँटेना लावून चालत नाही. रंग ओळखून जनुकं बदलण्यामागे हा हिशेब आहे.

आता खरी अडचण. गायदुकोव्हच्या प्रयोगात प्रकाश दोन कामं करत होता. तो अन्न होता आणि निरोपही होता. पेशीने रंग बदलला तो लाल प्रकाश ‘पाहून’, की लाल प्रकाशात तिला वेगळ्या प्रमाणात ऊर्जा मिळाली म्हणून? फोनची यूएसबी केबल डोळ्यांसमोर आणा. एकाच वायरीतून चार्जिंगही होतं आणि डेटाही जातो. केबल लावल्यावर स्क्रीनवर काही उमटलं, तर ते बॅटरी चढल्यामुळे की पलीकडून फाइल आल्यामुळे, हे बाहेरून कसं ओळखणार? प्रकाशावर जगणाऱ्या जीवाच्या बाबतीत प्रकाशाचे सगळेच प्रयोग या गुंत्यात अडकतात. पुढच्या शंभर वर्षांत जे काही झालं, ते माझ्या मते मुख्यतः या दोन तारा वेगळ्या करण्याचे प्रयत्न आहेत.

पहिला चांगला प्रयत्न जपानमध्ये झाला. १९६०च्या आसपास फुजिता आणि हात्तोरी यांनी टॉलिपोथ्रिक्स या सायनोबॅक्टेरियाला नायट्रोजनशिवाय तीव्र प्रकाशात ठेवून त्याची रंगीत प्रथिनं जवळजवळ संपवली. मग थोडा वेळ रंगीत प्रकाश दाखवला आणि नायट्रेट देऊन अंधारात ठेवलं. अंधारात अन्न म्हणून प्रकाश नाही. तरी नवं रंगद्रव्य बनलं, आणि कोणतं बनावं हे आधी दाखवलेल्या रंगावर ठरलं. आधी हिरवा, मग लाल दाखवला तर शेवटचा रंग जिंकायचा. चार्जर काढून घेतल्यावरही फाइल पोचलेली होती. म्हणजे पेशीत कुठेतरी हिरव्या-लालमध्ये इकडून तिकडे पडणारं एक बटण होतं.

असं बटण तोवर दुसरीकडे सापडलेलं होतं, आणि तेही भाजीत. अमेरिकेच्या शेती खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर आलटून पालटून लाल आणि अतिलाल प्रकाशाचे झोत टाकले. शेवटचा झोत लाल असला की बिया रुजत, अतिलाल असला की बहुतेक झोपून राहत. आधी कितीही वेळा अदलाबदल केली तरी फरक पडत नसे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे फ्लिप-फ्लॉप ओळखीचं वाटेल. १९५९ मध्ये यामागचं रंगद्रव्य हाती लागलं आणि त्याला फायटोक्रोम नाव मिळालं. फायटो म्हणजे वनस्पती. ही गोष्ट वनस्पतींचीच, असं पुढची ३५ वर्षं सगळे धरून चालले.

दरम्यान सायनोबॅक्टेरियाच्या बाजूने काम चालू होतं. हार्वर्डमध्ये ॲलन बेनेट आणि लॉरेन्स बोगोरॅड यांनी १९७३ मध्ये फ्रेमिएला नावाच्या तंतुमय जातीत रंगांतराचा बारकाईने अभ्यास केला, आणि मग तीच जात या विषयाची लाडकी झाली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये निकोल टँडो द मार्साक यांनी १९७७ मध्ये अनेक जाती तपासून त्यांचे गट पाडले: काही रंग बदलतच नाहीत, काही फक्त लाल प्रथिनाचं प्रमाण बदलतात, काही लाल-निळी दोन्ही बदलतात. इथपर्यंत ‘काय होतं’ ते कळलं होतं. ‘कोण करतं’ ते कळायला जनुकशास्त्र हवं होतं.

ते काम स्टॅनफर्डच्या आवारातल्या कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत डेव्हिड कीहो आणि आर्थर ग्रॉसमन यांनी केलं. पद्धत डीबगिंगची होती. फ्रेमिएलाच्या बिघडलेल्या वसाहती शोधायच्या, म्हणजे ज्यांना हिरव्या-लाल प्रकाशातला फरक कळेनासा झालाय अशा. काही वसाहती दोन्ही दिव्यांखाली काळपटच राहत होत्या. त्यांच्यात निरोगी पेशीच्या डीएनएचे तुकडे सोडायचे आणि कोणत्या तुकड्याने दुरुस्ती होते ते पाहायचं. दुरुस्त करणारं जनुक सापडलं, त्याचं नाव आरसीएई. १९९६ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्याची माहिती आली तेव्हा धक्का असा होता की, त्या प्रथिनाचा एक भाग वनस्पतींच्या फायटोक्रोमसारखा दिसत होता. प्रथिनाचं शेपूट मात्र जीवाणूंच्या नेहमीच्या निरोप्यांसारखं होतं. प्रकाश पडला की हा निरोप्या आपल्या अंगावर फॉस्फेटचा शिक्का मारून घेतो, तो शिक्का पुढच्या प्रथिनाकडे देतो, आणि साखळीतलं शेवटचं प्रथिन डीएनएवर बसून निळ्या प्रथिनाची जनुकं चालू आणि लाल प्रथिनाची बंद करतं. लाल प्रकाशात ही साखळी जागी होते, हिरव्यात झोपते. बर्लिनमधल्या त्या भांड्यांना उत्तर मिळायला ९४ वर्षं लागली.

योगायोग असा की, त्याच १९९६ मध्ये जपानच्या काझुसा डीएनए संशोधन संस्थेने सिनेकोसिस्टिस ६८०३ या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय सायनोबॅक्टेरियाचा अख्खा जीनोम वाचून काढला. सुमारे ३५.७ लाख अक्षरं, ३,१६८ संभाव्य जनुकं. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या कुठल्याही जीवाचा हा पहिलाच पूर्ण जीनोम. तो जाहीर झाल्याबरोबर लोक त्यात फायटोक्रोमसारखी अक्षरं शोधायला लागले, आणि ती सापडली. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचे क्लार्क लगारियस यांच्या गटाने आणि युरोपातल्या जॉन ह्यूज यांच्या गटाने सीपीएच१ हे प्रथिन खरंच लाल-अतिलाल प्रकाशाने पलटतं हे दाखवलं. वनस्पतींची मक्तेदारी संपली. हे बटण आधी जीवाणूंकडे होतं.

आणि इथे गोष्ट वळण घेते, कारण इंजिनिअर आत येतात.

जीवाणूंचे हे निरोपे दोन भागांचे असतात. पुढचा भाग बाहेरचं जग ओळखतो, मागचा भाग आत शिक्का मारतो. अनेक निरोप्यांचे मागचे भाग एकमेकांसारखे असतात. आमच्या धंद्यात याला इंटरफेस म्हणतात. आतलं काहीही असो, जोडणीची पिन जुळली की झालं. टेक्सास विद्यापीठ (ऑस्टिन) आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या विद्यार्थ्यांनी व संशोधकांनी सीपीएच१चा प्रकाश ओळखणारा भाग कापून ई. कोलायच्या एन्व्हझेड या प्रथिनाच्या मागच्या भागाला जोडला. एन्व्हझेडचं मूळ काम क्षारांचा दाब ओळखणं. ई. कोलायला प्रकाशाशी काही देणंघेणं नाही. तो आतड्यात राहतो, तिथे दिवस-रात्र कसली? प्रकाश पकडणारं रंगद्रव्यही त्याच्याकडे नसतं. म्हणून ते बनवणारी दोन जनुकंही सिनेकोसिस्टिसमधूनच आणली. मग व्यवस्था अशी केली की अंधारात असलेल्या पेशींनी काळं द्रव्य बनवावं आणि लाल प्रकाशातल्या पेशींनी बनवू नये. जीवाणूंच्या पातळ थरावर चित्राची सावली पाडली आणि कित्येक तास वाट पाहिली. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये तो फोटो छापून आला. प्लेटवर इंग्रजीत लिहिलं होतं: हॅलो वर्ल्ड.

कोणतीही प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना आपण पहिला प्रोग्रॅम हाच लिहितो, तेव्हा हा विनोद कोणासाठी होता हे सांगायला नको. प्रत्येक पेशी एक पिक्सेल असल्यामुळे त्या ‘फिल्म’ची बारीकी दर चौरस इंचाला १० कोटी पिक्सेल इतकी सांगितली गेली. चार वर्षांनी, २००९ मध्ये, त्यातल्याच जेफ टेबर आणि सहकाऱ्यांनी याच जीवाणूंकडून चित्रातल्या कडा ओळखण्याचं काम करून घेतलं. इमेज प्रोसेसिंगच्या कोर्समध्ये आपण जे दोन लूप लिहून करतो, ते इथे शेजारी-शेजारी बसलेल्या पेशींनी रासायनिक निरोप देऊन केलं. २०१७ मध्ये क्रिस्टोफर व्हॉइट यांच्या गटाने लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग ओळखणारा ई. कोलाय तयार केला. त्यासाठी पेशीत १८ जनुकांचं सर्किट बसवावं लागलं.

हे सगळं देखणं आहे. पण ई. कोलायमध्ये हे सोपं का गेलं, ते विसरता कामा नये. त्याच्यासाठी प्रकाश हा फक्त डेटा आहे. चार्जिंगची तार तिथे मुळातच नाही. सायनोबॅक्टेरियाचा सेन्सर सासरी आधी रुळला, कारण सासरी प्रकाशाला दुसरं काही कामच नव्हतं. माहेरी गुंता कायम होता.

हा गुंता किती खोल आहे त्याचं एक उदाहरण. सिनेकोकोकस ७९४२ या जातीत प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रातल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाची तीन जनुकं आहेत, आणि प्रकाशाची तीव्रता वाढली की पेशी एकाऐवजी दुसरं वापरते. सुझन गोल्डन यांच्या प्रयोगशाळेने अशा जनुकाच्या स्विचला चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडून पाहिलं होतं: स्विच चालू, तर पेशी चमकणार. याच चमकणाऱ्या पेशी ताकाओ कोंडो, कार्ल जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी अखंड सारख्या प्रकाशात ठेवल्या, तर चमक २४ तासांच्या लयीत कमी-जास्त होत राहिली. १९९३ मध्ये हा शोध छापला गेला: जीवाणूंमध्येही घड्याळ असतं. दोन वर्षांनी कळलं की या जातीत जवळजवळ सगळीच जनुकं त्या घड्याळाच्या तालावर वर-खाली होतात. म्हणजे प्रकाश अन्न आहे, निरोप आहे आणि वेळही आहे. अशा जीवाला ‘दिवा लागला की अमुक जनुक चालू कर’ सांगायचं, तर दिवा लागल्याबरोबर त्याच्या घरातल्या शंभर गोष्टी आपोआप हलणार.

मग हा खटाटोप कशाला? कारण पलीकडे खरी गरज आहे. सायनोबॅक्टेरिया ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर वाढतात. त्यांच्याकडून इंधन, प्लास्टिकचा कच्चा माल किंवा औषधी रसायनं बनवून घेता आली तर साखर विकत आणावी लागत नाही. पण उत्पादन करणारी पेशी वाढीत मागे पडते. म्हणून आधी पेशी वाढू द्यायच्या आणि मग एका क्षणी ‘आता कामाला लागा’ सांगायचं, अशी रीत आहे. ते सांगायला बहुधा रसायन वापरतात. चंचुपात्रात ते ठीक. हजारो लिटरच्या टाकीत रसायनाचा खर्च वाढतो, आणि एकदा घातलेलं परत काढता येत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात शिन्याव लिऊ आणि रॉय कर्टिस यांनी सिनेकोसिस्टिसमध्ये असा स्विच बसवला की निकेल घातलं की पेशी आतून फुटतात आणि आतला माल बाहेर येतो. कल्पना उत्तम. नंतर ते निकेलचं पाणी कुठे सोडायचं, हा प्रश्न उरतो. आपल्याकडच्या एमआयडीसीशेजारच्या नद्या पाहिलेल्या माणसाला तो जास्त टोचतो. प्रकाशाचा स्विच बंद करायला मात्र बटण दाबलं की पुरे. मागे काही उरत नाही.

वाट सापडली ती सिनेकोसिस्टिसमध्येच. या जातीकडे लाल फायकोएरिथ्रिन नाही, त्यामुळे ती दिव्याखाली डोळ्यांना दिसेल असा रंग बदलत नाही. सगळे तिला या बाबतीत ढिम्म समजत होते. पण टोकियो विद्यापीठात युउ हिरोसे, मासाहिको इकेउची आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की तिच्यातलं सीसीएएस हे प्रथिन हिरव्या प्रकाशाने जागं होतं आणि लालने झोपतं. जागं झालं की ते सीसीएआर नावाच्या साथीदाराला शिक्का देतं, आणि तो अँटेनाच्या एका जोड-प्रथिनाचं जनुक चालू करतो. म्हणजे जात गुपचूप अँटेनाची रचना बदलत होती, फक्त बाहेरून दिसत नव्हतं. फ्रेमिएलाचं लालने चालू होतं, हिचं हिरव्याने. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद: आपल्या चौकातल्या सिग्नलसारखं. (पुण्यातले वाचक हसले असतील, पण सीसीएएस सिग्नल पाळतं.)

हा हिरवा रंग सोयीचा का, ते वर्णपट पाहिला की कळतं. सिनेकोसिस्टिसचं हरितद्रव्य निळा आणि ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश खातं. फायकोसायनिन ६२०च्या आसपासचा. सीसीएएसला जागं करणारा हिरवा ५३५च्या आसपास आहे, आणि तिथे या पेशीचं तोंड जवळजवळ बंद असतं. यूएसबीच्या केबलमध्ये पॉवरची तार आणि डेटाची तार शेवटी वेगळ्याच असतात ना, तसंच. लाल दिव्याने जेवण द्यायचं, हिरव्या दिव्याने निरोप. फुजिता आणि हात्तोरींनी अंधार वापरून जे वेगळं केलं होतं, ते इथे रंग वापरून वेगळं करता येणार होतं.

२०११ मध्ये टेबर यांनी ही जोडी आधी ई. कोलायमध्येच नेली, सासरची वाट आता मळलेली होती. माहेरी तिला कामाला लावलं कोजी सोदे यांच्या टोकियोतल्या गटाने. २०१४ मध्ये त्यांनी सिनेकोसिस्टिसमध्येच तो हिरवा स्विच बाहेरून घातलेल्या, चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडून दाखवला. त्याच वर्षी त्याच परिवारातून दुसरा निबंध आला. त्यात चमकण्याऐवजी टी४ या विषाणूची पेशी फोडणारी जनुकं होती. हिरव्या प्रकाशात आणलं की पेशी फुटायच्या. निकेलची जागा एलईडीने घेतली होती. पुढे त्यांनी हीच जोडी समुद्री सायनोबॅक्टेरियातही बसवून पाहिली. ‘हॅलो वर्ल्ड’ला जगभर जेवढी प्रसिद्धी मिळाली, तिच्या शतांशही या निबंधांना मिळाली नाही. मला मात्र अवघड काम हे वाटतं. परक्या, आंधळ्या पेशीला डोळा बसवण्यापेक्षा, जिचं सगळं आयुष्य प्रकाशावर चाललंय तिला प्रकाशातूनच नेमका एक शब्द ऐकवणं जास्त नाजूक आहे.

काम अर्थातच अर्धं आहे. सायनोबॅक्टेरिया दाट वाढले की वरच्या पेशी खालच्यांवर सावली धरतात. टाकीच्या मध्यभागी निरोप पोचतच नाही. हिरवा प्रकाश इतर रंगांपेक्षा आत जास्त जातो, एवढाच दिलासा. बंद टाकीत एलईडी लावायचे तर विजेचं बिल येतं, आणि मग फुकटच्या उन्हावर इंधन बनवण्याच्या मूळ हिशेबाला भोक पडतं. उघड्या तळ्यात तर वेगळीच पंचाईत. सूर्यप्रकाशात सगळेच रंग असतात, हिरवाही आणि लालही. तिथे बटण कोणाच्या हातात? सूर्याच्या.

सेन्सरच्या आतलं यंत्रही हळूहळू उलगडतंय. हिरोसे यांनीच २०१३ मध्ये दाखवलं की आरसीएई हिरवा-लाल फरक ओळखतं ते रंगद्रव्याला एक प्रोटॉन चिकटतो की सुटतो यावरून. आणि सोदे यांच्या गटाने २०१६ मध्ये सीसीएएसला कात्री लावली. त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकांच्या मधला, कशासाठी आहे हे नीट न कळलेला भाग त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी कापून प्रथिनाच्या छोट्या आवृत्त्या बनवल्या. त्यातल्या काही मूळ प्रथिनासारख्याच चालल्या. काही मात्र उलट्या निघाल्या: हिरवा दिसला की बंद.